मिजाज आणि मिजास : रजोनिवृत्तिपूर्व काळातील मनःस्थितीचे स्वरूप

प्रास्ताविक

उर्दूतील ‘मिजाज’ आणि मराठीतील ‘मिजास’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘मिश्रण’ असा आहे. युनानी वैद्यकात रक्त, कफ, पित्त आणि सौदा या चार द्रवांच्या मिश्रणातून माणसाची प्रकृती ठरते असे मानले जाई. त्या प्रकृतीला मिजाज म्हणत. उर्दूत आजही ‘मिजाज कैसा है’ असे विचारले जाते, तेव्हा तब्येत आणि मन या दोहोंची चौकशी होते. मराठीत मात्र याच शब्दाची मिजास झाली आणि तिचा अर्थ घमेंड, तोरा असा रूढ झाला. शरीराच्या स्थितीचा निदर्शक असलेला शब्द स्वभावदोषाचा निदर्शक बनला.

भाषेत शब्दाच्या बाबतीत जे घडले, तेच चाळिशी ओलांडलेल्या असंख्य स्त्रियांच्या बाबतीत प्रत्यक्ष जीवनात घडताना दिसते. जी शिक्षिका वीस वर्षे शांतपणे शिकवत आली, ती अलीकडे क्षुल्लक कारणावरून चिडते, तासाला शब्द न आठवल्याने गोंधळते, स्टाफरूममध्ये एकाएकी डोळे पुसते. ‘बाईंना आजकाल काही बोलायची सोय राहिली नाही’ असा शेरा मग ऐकू येतो. घरी सासू, पती आणि मुले जवळपास हेच वेगळ्या शब्दांत म्हणतात. या बदलामागे शारीरिक कारण असू शकते ही शक्यता फारशी कोणी विचारात घेत नाही आणि पुष्कळदा ती स्वतःही घेत नाही. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात मनःस्थिती का हेलकावते, त्यात किती भाग संप्रेरकांचा आणि किती परिस्थितीचा असतो, आणि शिक्षणसंस्थेला त्याबाबत काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संक्रमणकाळ म्हणजे काय?

सलग १२ महिने मासिक पाळी आली नाही आणि त्यामागे अन्य काही कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे रजोनिवृत्तीची निश्चिती मागे वळून पाहूनच करता येते. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आहे. पाश्चात्त्य देशांत ते सुमारे ५१ वर्षे आहे. त्याआधीचा काही वर्षांचा कालखंड हा संक्रमणकाळ होय. तो सरासरी चार वर्षांचा असला, तरी कोणाला दोन तर कोणाला आठ वर्षेही लागतात. याचा अर्थ भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे बदल चाळिशीच्या आरंभीच सुरू होऊ शकतात. ‘इतक्या लवकर कसे असेल’ या समजुतीमुळे अनेकींच्या ध्यानात हा दुवा येत नाही.

संक्रमणकाळ ओळखण्याची मुख्य खूण पाळीच्या अंतरात असते. २००१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या काळाचे टप्पे निश्चित केले आणि २०११ साली त्यांची फेरतपासणी झाली. त्यानुसार दोन लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत सात दिवस किंवा अधिक फरक वारंवार पडू लागला, की आरंभीचा टप्पा सुरू झाला असे समजावे. पाळी ६० दिवस किंवा त्याहून अधिक काळ लांबू लागली, की उत्तर टप्पा समजावा. या संपूर्ण काळात गर्भधारणेची शक्यता कमी होते, पण संपत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कमतरता नव्हे, चढउतार

या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू, एका उताराने कमी होत जाते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. स्त्रीच्या अंडाशयात जन्मतःच बीजपुटकांचा ठरावीक साठा असतो. चाळिशीपर्यंत तो बराच घटलेला असतो. उरलेली पुटके मेंदूच्या आज्ञेला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिक जोराने आज्ञा पाठवते. त्याचा परिणाम म्हणून एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही जास्त वाढते, तर पुढच्या महिन्यात एकदम खाली येते. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही.

या दोन्ही संप्रेरकांचे काम केवळ गर्भाशयापुरते मर्यादित नसते. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे रसायन मेंदूत तयार होणे आणि टिकणे यावर इस्ट्रोजेनचा प्रभाव पडतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत बनणारे एक द्रव्य चेतापेशींना शांत ठेवण्यास मदत करते. त्यामुळे या संप्रेरकांची पातळी झपाट्याने वरखाली झाली, की त्यांवर अवलंबून असलेली मेंदूतील यंत्रणाही डळमळते. एकच स्त्री सकाळी उत्साही, दुपारी चिडखोर आणि रात्री खिन्न दिसते, यामागे हेही कारण असू शकते.

मात्र एक प्रश्न उरतो. संप्रेरकांचे हे चढउतार तर प्रत्येक स्त्रीच्या शरीरात होतात. मग काहींनाच त्रास का होतो? या प्रश्नावर अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झालेला व २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रकाश टाकतो. त्यात रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या दोन प्रकारच्या स्त्रिया होत्या. पहिल्या गटातील स्त्रियांना संक्रमणकाळात नैराश्य आलेले होते, दुसऱ्या गटातील स्त्रियांना ते कधीच आले नव्हते. सर्वांना तीन आठवडे इस्ट्रोजेन दिले. त्यानंतर काहींचे इस्ट्रोजेन त्यांच्या नकळत बंद करून त्याऐवजी औषधविरहित पट्टी लावली. पहिल्या गटातील ज्यांचे इस्ट्रोजेन बंद झाले, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे परतली; दुसऱ्या गटात ती दिसली नाहीत. दोन्ही गटांत संप्रेरकांची पातळी मात्र सारखीच होती.

या प्रयोगाचा अर्थ महत्त्वाचा आहे. रक्तातील संप्रेरकाचा आकडा त्रासाचे संपूर्ण स्पष्टीकरण देत नाही. त्या बदलाला एखाद्या स्त्रीचा मेंदू किती संवेदनशील आहे, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून ‘आम्हीही त्या वयातून गेलो, आम्हाला नाही काही झाले’ हे वडीलधाऱ्या स्त्रीचे बोल तिच्यापुरते खरे असले, तरी दुसरीच्या बाबतीत ते पुरावा ठरत नाहीत.

झोपेचा दुवा

मनःस्थिती बिघडवणारे दुसरे कारण रात्री घडते. इस्ट्रोजेनच्या चढउतारांमुळे मेंदूतील तापमान नियंत्रित करणारे केंद्र अतिसंवेदनशील होते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी छाती, मान व चेहरा यांतून एकाएकी उष्णतेची लाट उसळते, घाम फुटतो आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्या स्त्रियांना अशा लाटा वारंवार येत, त्यांच्यात त्या साडेसात वर्षांच्या आसपास टिकल्याचे २०१५ साली नोंदवले गेले. या लाटा रात्री आल्या की झोप मोडते. आठवडेच्या आठवडे तुटक झोप मिळणाऱ्या कोणत्याही माणसाची सहनशक्ती कमी होईल, मग ती स्त्री असो वा पुरुष.

झोपेचा संबंध स्मरणाशीही आहे. या वयात नावे, शब्द आणि कामे विसरली जातात अशी तक्रार स्त्रिया करतात. वर्गासमोर बोलताना नेमका शब्द न सुचणे ही शिक्षिकेसाठी मोठी नामुष्की वाटते आणि आपल्याला विस्मृतीचा आजार तर जडला नाही ना, या शंकेने ती आतून घाबरते. वर उल्लेखिलेल्या पाहणीतून २००९ साली पुढे आलेली माहिती दिलासा देणारी आहे. संक्रमणकाळात नवे शिकण्याची गती काहीशी मंदावते, परंतु रजोनिवृत्तीनंतर ती पूर्वपदावर येते, असे त्यात आढळले.

चिडचिड आणि नैराश्य यांतील भेद

बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हा बदल चिडचिड, अस्वस्थता आणि हळवेपणा इथपर्यंतच राहतो व कालांतराने निवळतो. तथापि काहींच्या बाबतीत त्याचे रूपांतर नैराश्याच्या आजारात होते. बोस्टन येथे ३६ ते ४५ वयोगटातील, पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या ४६० स्त्रियांची अनेक वर्षे पाहणी झाली. संक्रमणकाळात प्रवेश केलेल्या स्त्रियांत लक्षणीय नैराश्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट असल्याचे २००६ साली दिसून आले. सात अभ्यासांतील नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हा वाढीव धोका सुमारे ४० टक्के आढळला. ज्यांना पूर्वी नैराश्य आले होते, प्रसूतीनंतर किंवा दरमहा पाळीपूर्वी मानसिक त्रास होत असे, त्यांना या काळात विशेष जपावे लागते.

दोहोंत फरक कसा करावा? मनःस्थिती दिवसातून वरखाली होत असेल, चांगल्या बातमीने आनंद होत असेल, कामात मन रमत असेल, तर तो बहुधा हेलकावा असतो. परंतु सलग दोन आठवडे बहुतेक वेळ खिन्नता असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, भूक व झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर तो आजार समजून डॉक्टरकडे जावे. जगण्यात अर्थ नाही असा विचार मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नये. भारत सरकारची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिच्यावर प्रादेशिक भाषांतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

शब्दांचा परिणाम

उर्दूत या वयाला ‘सिन-ए-यास’ म्हणतात. ‘सिन’ म्हणजे वय आणि ‘यास’ म्हणजे निराशा. मूळ अरबी प्रयोगात ही निराशा जगण्याविषयीची नाही. पाळी पुन्हा येण्याची अपेक्षा संपली, एवढाच तिचा आशय आहे. परंतु नित्याच्या बोलण्यात तो संदर्भ गळून पडतो आणि ‘निराशेचे वय’ एवढेच कानावर राहते. मराठीतील ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द शास्त्रीय आणि नेमका आहे. पण तो घरात कोणी उच्चारत नाही. ‘पाळी गेली’ हा बोलीतील प्रयोग सर्वांना समजतो, मात्र तो शेवटचा क्षण सांगतो, त्याआधीची वर्षे सांगत नाही. ज्या काळात सर्वाधिक त्रास होतो, त्या काळासाठी दोन्ही भाषांच्या बोलीत रुळलेला शब्दच नाही. ज्याला नाव नाही, त्याची तक्रार करणेही अवघड जाते.

वैद्यकशास्त्रही या दोषापासून मुक्त नव्हते. ‘मेनोपॉज’ हा शब्द १८२१ साली फ्रेंच वैद्य गार्दान याने रूढ केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन याने उतारवयातील एका स्वतंत्र विषादरोगाची कल्पना मांडली आणि रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांवर ते लेबल सहज लावले जाऊ लागले. स्वतंत्र आजार म्हणून त्याला पुरेसा आधार नसल्याने अमेरिकन मनोविकार वर्गीकरणातून ते नाव १९८० साली वगळण्यात आले.

याच्या उलट ‘चाळिशी’ या मराठी शब्दाचे उदाहरण घेता येईल. चाळिशीत जवळचे दिसेनासे होते म्हणून त्या चष्म्यालाच चाळिशी हे नाव पडले. चाळिशी लागलेल्या शिक्षकाला कोणी आळशी म्हणत नाही. शरीराचा एक बदल भाषेने दोष न देता स्वीकारला आहे. मनाच्या बाबतीत तेवढे औदार्य अद्याप आलेले नाही.

प्रत्येक राग संप्रेरकांचा नसतो

येथे एका धोक्याची जाणीव करून देणे आवश्यक आहे. संप्रेरकांचे कारण समजले, की स्त्रीच्या प्रत्येक तक्रारीवर तेच उत्तर देण्याचा मोह होतो. सर्वाधिक तास, परीक्षेचे पर्यवेक्षण, नॅकच्या फायली, घरी मुलांची दहावी-बारावी आणि सासऱ्यांचे आजारपण एवढे सगळे एकाच स्त्रीवर आले असता तिचा राग रास्त असू शकतो. ‘तिचे वय झाले आहे’ असे म्हणून तो उडवून लावणे हा मिजास म्हणण्याचाच दुसरा प्रकार होय. संप्रेरके सहनशक्तीचा उंबरठा खाली आणतात. त्या उंबरठ्यावर येऊन आदळणारे ओझे मात्र पुष्कळदा खरे असते. म्हणून शरीराची तपासणी आणि ओझ्याची फेरवाटणी या दोन्ही गोष्टी एकदमच व्हावयास हव्यात.

तपासणी आणि उपचार

वयाच्या ४५ नंतर पाळीचा इतिहास आणि लक्षणे यांवरून निदान होऊ शकते. संप्रेरकांच्या एका रक्तचाचणीवर विसंबू नये, कारण त्यांची पातळी दर आठवड्याला बदलत असते. मात्र थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणे हितावह असते. थायरॉइडच्या बिघाडातही चिडचिड, थकवा व खिन्नता दिसते. या काळात रक्तस्राव जास्त होत असल्यास रक्तक्षय वाढतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, हे या संदर्भात ध्यानी घ्यावे.

जास्त रक्तस्रावावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. त्याच पाहणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण आंध्र प्रदेश व तेलंगण या राज्यांत सर्वाधिक होते. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर वर्षानुवर्षांचा बदल एका दिवसात घडतो आणि शरीर व मन या दोहोंवर त्याचा आघात तीव्र असतो. शस्त्रक्रिया कधी अनिवार्य असते. पण औषधांचा पर्याय आहे काय आणि अंडाशये राखता येतील काय, हे दोन प्रश्न प्रत्येक स्त्रीने विचारलेच पाहिजेत.

नैराश्याचे निदान झाल्यास नैराश्यविरोधी औषधे आणि विचार-वर्तन पद्धतीचे समुपदेशन हे मुख्य उपचार होत. संप्रेरक उपचाराने उष्णतेच्या लाटा व झोप सुधारते, आणि संक्रमणकाळातील काही स्त्रियांची मनःस्थितीही सुधारते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा भाग स्तनकर्करोग व हृदयविकार यांच्या धोक्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि या उपचाराची जगभर भीती पसरली. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीसाठी लाभ सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक असतो, असे त्यानंतरच्या विश्लेषणांतून स्पष्ट झाले. तरीही स्तनकर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेल्यांना तो सहसा दिला जात नाही. हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

नियमित चालणे, ठरलेल्या वेळी झोपणे, संध्याकाळनंतर चहा टाळणे आणि पाळी, झोप व मनःस्थिती यांची तीन महिने साध्या वहीत नोंद ठेवणे या गोष्टी कोणालाही करता येण्यासारख्या आहेत. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

महाविद्यालयात काय करता येईल?

प्रथम, गोपनीय अहवालात ‘स्वभाव चिडखोर’ असा मोघम शेरा लिहिण्याचे प्राचार्यांनी टाळावे. घडलेला प्रसंग नोंदवावा आणि त्यापूर्वी संबंधित शिक्षिकेशी एकांतात बोलावे. एका शेऱ्याने पदोन्नती अडते, आणि काही शिक्षिका अपमान नको म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतात. त्यात संस्था वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव गमावते.

दुसरे, हवेशीर स्टाफरूम, चालू पंखा, पिण्याचे थंड पाणी आणि शिक्षिकांसाठी जवळच स्वच्छ प्रसाधनगृह यांची सोय असावी. सलग चार तासांऐवजी मध्ये एक मोकळी तासिका दिली, तर त्यासाठी संस्थेला वेगळा खर्च येत नाही.

तिसरे, १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन आहे. त्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांचे व्याख्यान ठेवावे व त्याला पुरुष शिक्षकांनाही बोलवावे. घरी हा विषय समजून घेण्याची गरज त्यांनाच अधिक असते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींच्या आया याच वयाच्या असतात. म्हणून पालकसभेतही दहा मिनिटे या विषयाला देता येतील.

समारोप

संक्रमणकाळातील मनाचे हेलकावे हा स्वभावदोष नव्हे, वेडही नव्हे. संप्रेरकांचे अनियमित चढउतार, त्यांना मेंदूकडून मिळणारा व्यक्तिगणिक भिन्न प्रतिसाद, मोडलेली झोप आणि आयुष्याच्या मध्यावर एकवटलेल्या जबाबदाऱ्या यांचा तो एकत्रित परिणाम आहे. तो बहुतेकींच्या बाबतीत तात्पुरता असतो आणि ज्यांच्या बाबतीत तो आजाराचे रूप घेतो, त्यांना उपचार उपलब्ध आहेत. अशा वेळी सहकाऱ्याने निष्कर्ष काढण्याआधी तब्येतीची चौकशी करावी. उर्दूने ती चौकशी ‘मिजाज’ या शब्दात आजवर जपून ठेवली आहे. स्टाफरूममध्येही ती रुजली, तर अनेक शिक्षिकांची उरलेली वर्षे सुसह्य होतील आणि विद्यार्थ्यांनाही त्यांच्या अनुभवाचा लाभ मिळत राहील.